मागचे गार्ड

आर्डिस: पुढचे राहू दे. मागचे तेवढे काढ म्हणतेय मी.

ऑरिन: पुढचे ठेवून मागचेच का, वहिनी?

आर्डिस: साफ दिसते गाडी. मागून बघितलं की सामानाचे डबे दिसावेत, दिवा दिसावा, संपलं. दोन्ही अंगांना त्या गार्डच्या नळ्या कशाला बाहेर काढून ठेवायच्या?

ऑरिन: तुला कधीपासून गाडीच्या दिसण्याची पडली? दादाची मोटरसायकल तुझ्या दारात उभी असते तेव्हा तिच्या सीटवर तू पायपुसणी वाळत घालतेस. मी बघितलंय.

आर्डिस: माणसाला उशिरा आवड लागते एखादी. त्याला वाढदिवसाची भेट म्हणून देते.

ऑरिन: त्याचा वाढदिवस बर्फात असतो. आता लिलॅकची झाडं फुललीत.

आर्डिस: तू गॅरेजवाला आहेस की वकील? गिऱ्हाईक सांगतंय काढ, तर काढ.

ऑरिन: गिऱ्हाईक दादा आहे. गाडी त्याची. तेल बदलायला आणि मागचं टायर घालायला त्यानेच आणून सोडलीय. चारला न्यायला येणार आहे. आणि ते गार्ड दिखाव्याचे नाहीत. मागे बसणाऱ्याचा पाय वाचतो त्यांच्यामुळे. एवढी जड गाडी कलंडली तरी आडवी होत नाही, पुढच्या आणि मागच्या गार्डवर टेकून राहते. मधे फट राहते पायाला. मागचा काढलास तर डबा, सायलेन्सर, सगळं थेट पिंढरीवर.

आर्डिस: मला शिकवतोस? त्या फटीत माझाच पाय असायचा.

ऑरिन: म्हणून तर म्हणतो.

आर्डिस: आता नसतो. खुब्याचा सांधा बदलला तेव्हापासून मी मागे बसत नाही. मग कुणाचा पाय वाचवतोयस तू?

ऑरिन: कुणाचाही. कुणी बसलं तर.

आर्डिस: कुणी म्हणजे ट्रूडी.

ऑरिन: मी तेलाचं बघतो. ते आधी व्हायला हवं.

आर्डिस: तेल कुठे पळत नाही. दवाखान्याच्या काउंटरवरची ट्रूडी. माझ्या ऑपरेशनची तारीख तिने दिली, वॉकर कसा धरायचा त्याचं चित्र तिने दिलं, आणि मी आत पुन्हा चालायला शिकत होते तेव्हा बाहेर माझ्या नवऱ्याला कॉफीही तिनेच दिली. तुला कधी कळलं?

ऑरिन: गेल्या वर्षी. पानं गळायच्या दिवसांत. पेट्रोलपंपावर दिसले दोघं.

आर्डिस: आणि तू गप्प बसलास.

ऑरिन: काय सांगणार होतो?

आर्डिस: ‘वहिनी, तुझ्या जागेवर दुसरी बसलीय.’ एवढं तर येतं ना तुला बोलता? तुझी बायको गेली तेव्हा तुला उन्हाळाभर माझ्या टेबलावर वाढलं मी. तेव्हा तोंड बरं उघडत होतं.

ऑरिन: चुकलं माझं. तुला कुणी सांगितलं?

आर्डिस: माझ्या हेल्मेटने. गाडी झाकायच्या आधी पुसायला घेतलं तर आत नारळाचा वास. मी जन्मात साबणापलीकडे डोक्याला काही लावलं नाही. मग चर्चच्या तळघरात बटाटे सोलायला गेले, तर मी जिना उतरल्याबरोबर सगळ्या बायकांना आपापल्या सुरीची धार बघावीशी वाटली.

ऑरिन: घरात बोललीस?

आर्डिस: नाही. बोलले की तो रडणार. खुर्चीत बसून, रुमाल घेऊन. मग मीच उठून त्याला सूप गरम करून द्यायचं. मला त्याचं रडणं नकोय.

ऑरिन: मग काय हवंय?

आर्डिस: मागचे गार्ड काढून हवेत.

ऑरिन: वहिनी, मी मंद असेन, पण एवढा नाही.

आर्डिस: नाहीस ना? मग ऐक. आता बर्फ गेलाय. या शुक्रवारी तो तळ्याकाठच्या हॉटेलात जाणार, मासे खायला, सगळं गाव जातं तसा. तिथलं अंगण कसं आहे?

ऑरिन: खडीचं. तळ्याकडे उतरतं.

आर्डिस: दारापाशी सपाट जागा आहे. तिथे तो लावतो?

ऑरिन: नाही. मोठ्या खिडकीसमोर लावतो.

आर्डिस: आतल्या लोकांनी माना वळवाव्यात म्हणून. तिथे उतारावर हँडल वळवतो आणि वळलेल्या हँडलवरच पुढचा ब्रेक दाबतो. मग डावा पाय खाली टाकतो. पाय पुरत नाही. पुरला तर खडी सरकते.

ऑरिन: सीट बोटभर खाली घेऊन देतो, असं दर वर्षी म्हणतो मी त्याला.

आर्डिस: मग आपले पाय आखूड आहेत हे कबूल करावं लागेल ना. त्यापेक्षा गाडी पाडलेली बरी.

ऑरिन: पण गाडी पडायची ती... राहू दे.

आर्डिस: बोल.

ऑरिन: लोक म्हणतात तू मागे हलायचीस. तोल जायचा त्याने.

आर्डिस: लोकांना कुणी सांगितलं? मीच. पहिल्यांदा पडली तेव्हा लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आत त्याचे सगळे दोस्त. त्याचं तोंड उकडलेल्या बीटासारखं. मी म्हटलं, माझी चूक, मी पर्स घ्यायला वळले. सगळे हसले, त्याला कुणीतरी ब्रँडी पाजली, झालं. मग रीतच पडून गेली. तो पाडायचा आणि मी हललेली असायचे. इतक्या वेळा हलले मी, की गावाला वाटायला लागलं आर्डिसला बूड टेकवून बसता येत नाही.

ऑरिन: मलाही तसंच वाटायचं.

आर्डिस: ट्रूडीलाही वाटतं. गावच्या अग्निशमनवाल्यांनी देणगीसाठी ठेवलेल्या पॅनकेकच्या नाश्त्याला माझ्या मागच्या टेबलावर बसली होती. मला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणते, मी मागे बसले की गाडीला कळतसुद्धा नाही. मोठ्या निवांतपणे बसत असणार ती. तिला वाटतं गाडी पाडणारी घरी बसलीय.

ऑरिन: तुला तिचा पाय मोडायचाय.

आर्डिस: मी तिला बस म्हटलेलं नाही.

ऑरिन: मी हात लावणार नाही.

आर्डिस: पान्हा दे, मी काढते. आठवीत शाळा सोडली ती गायी होत्या म्हणून, बोल्ट कुठल्या बाजूला फिरतो ते कळत नाही म्हणून नाही.

ऑरिन: आणि दादाचा पाय?

आर्डिस: त्याच्यासाठी पुढचे आहेत ना, म्हणून ते राहू दे म्हटलं. त्याचे पाय मला हिवाळ्यात लागतात. बर्फ कोण उपसणार?

ऑरिन: नुसते बोल्ट काढून भागत नाही, वहिनी. डब्याला खालून आधार त्या गार्डचाच आहे. गार्ड गेला की डबा लोंबतो, आणि पहिल्या खड्ड्याला रस्त्यावर. त्याला निराळी पट्टी बसवावी लागते.

आर्डिस: ही?

ऑरिन: कुठली?

आर्डिस: जिच्यावर मी आल्यापासून तू फडकं टाकून उभा आहेस ती. डावी-उजवी जोडी. प्लास्टिकही फाडलेलं नाही अजून. ही कुणासाठी मागवलीस?

ऑरिन: ती... ती अशीच येऊन पडलीय.

आर्डिस: ऑरिन.

ऑरिन: दादासाठी.

आर्डिस: तो गार्ड काढतोय?

ऑरिन: चारच्या आत काढून ठेव म्हणाला. साफ दिसायला हवी म्हणाला. हल्ली सगळे काढतात, शिकागोवाले येतात त्यांच्या गाड्यांना कुठे असतात, असं म्हणाला. मी नको म्हटलं. पायाचंही सांगितलं. ऐकलं नाही.

आर्डिस: आपल्या मनाने नाही काढणार तो. गेली कित्येक वर्षं तो त्या गार्डना पॉलिश करतोय. त्याच्या डोक्यात कुणी घातलं?

ऑरिन: ती हसली म्हणे. म्हाताऱ्यांच्या संडासात भिंतीला धरायचे दांडे असतात तसे दिसतात, असं म्हणाली.

आर्डिस: असं म्हणाली?

ऑरिन: हसतेस काय?

आर्डिस: अरे, तसले दांडे आमच्या न्हाणीघरात आहेत. तिनेच तर सांगितलं होतं बसवायला. माझ्या हातात कागद दिला, किती उंचीवर हवेत त्याचा. तुझ्या भावाने, व्हर्लिनने, बसवले आणि मी ते धरून उठले-बसले हिवाळाभर. म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे मी तशी आहे. त्या दांड्यांना लटकलेली.

ऑरिन: ती वाईट नाही, वहिनी. तिला कळत नाही एवढंच.

आर्डिस: कळेल. आता तर मला बोट उचलायला नको. तिनेच मागितलं, त्यानेच मागवलं, तू बसवणार. मी इथे स्टुलावर बसते. कर काम.

ऑरिन: एवढी खूष नको होऊस. पुढचा विचार केलास?

आर्डिस: पुढे काय? अँब्युलन्स.

ऑरिन: त्याच्या पुढे. दादा तिच्या उशाशी बसेल. तुझ्या वेळी बाहेर बसला, तिच्या वेळी आत बसेल. आपल्या हातून झालं म्हणून रोज जाईल. आत्ता चोरून जातो, मग उजळ माथ्याने जाईल. आणि त्याला कुणी बोलणार नाही, कारण पाय मोडलेल्या बाईला भेटायला जाणं चांगलंच असतं. चर्चच्या बायका तिला जेवण पोचवायच्या पाळ्या लावतील. सोमवार हिचा, बुधवार तिचा.

आर्डिस: थांब.

ऑरिन: पाळ्या तर तूच लावतेस ना?

आर्डिस: मीच लावते. म्हणजे मंगळवारी मी बटाट्याचं भांडं ओव्हनमधून काढून, पंचा गुंडाळून, त्या दोघांच्या दारात नेऊन द्यायचं.

ऑरिन: न देऊन कसं चालेल तुला?

आर्डिस: पाय मोडला तर मी त्यांचं लग्नच लावून दिल्यासारखं होईल.

ऑरिन: मग सांग त्याला, गार्ड राहू दे म्हणून.

आर्डिस: मी त्याला सांगू? मी सांगितलं तर बायको जळतेय म्हणून काढेलच. तू गप्प बस, मला विचार करू दे.

(व्हर्लिन आत येतो. अंगावर नवं कातडी जाकीट, हातात दोन हेल्मेट.)

व्हर्लिन: काय रे, झाली का गाडी? ... आर्डिस. तू इथे?

आर्डिस: दिराला भेटायला परवाना लागतो का? जाकीट नवं दिसतंय.

व्हर्लिन: जुनंच आहे. म्हणजे, सेलमध्ये होतं. ऑरिन, अजून गार्ड तसेच? हे बघ, तुला चार म्हटलं होतं.

ऑरिन: दादा, पुन्हा एकदा सांगतो. मागे कुणी असताना कलंडली तर...

व्हर्लिन: कलंडायला काय झालंय तिला? आज किती वर्षं चालवतोय. कसं आहे ना, आर्डिस, याला वाटतं गार्ड म्हणजे देवाचा हात. मी आपलं म्हटलं, जरा साफ दिसावी गाडी.

आर्डिस: मीही तेच सांगायला आले होते. काढून टाक म्हटलं.

व्हर्लिन: तू?

आर्डिस: विचार याला.

ऑरिन: हो. आल्यापासून तेच चाललंय तिचं.

व्हर्लिन: बघ. बघ, बाईमाणसाला कळतं ते तुला कळत नाही. आणि पडायचं म्हणशील तर गाडी पडली ती हिच्यामुळे. हिला एका जागी बसवायचं नाही. काय, आर्डिस?

आर्डिस: तुला तसंच आठवतं?

व्हर्लिन: तूच सांगायचीस सगळ्यांना.

आर्डिस: मी सांगायचे. तुला काय आठवतं ते विचारतेय मी.

व्हर्लिन: मला काय आठवणार? माझं लक्ष पुढे असायचं, मागे तू काय करायचीस ते मला दिसायचं थोडंच? पण हिशेब सरळ आहे. तू होतीस तेव्हा पडायची. आता पडत नाही. गेल्या मोसमात एकदा तरी पडली का?

आर्डिस: गेल्या मोसमात मागे कुणी नव्हतं.

व्हर्लिन: ... नव्हतं. तेच म्हणतोय मी. एकटा असलो की पडत नाही.

आर्डिस: बरोबर आहे तुझं. ऑरिन, ती वर टांगलीय एकट्याची सीट, ती या गाडीला बसते का?

ऑरिन: बसते. याच गाडीची आहे.

आर्डिस: मग तीही लाव. एवढी साफ करायची तर मागची सीट कशाला? गादी, पाठ टेकायची उशी, आरामखुर्ची ठेवल्यासारखी दिसते मागून. आणि मागचे पाय ठेवायचे ते दोन्ही पत्रेही उतरव.

व्हर्लिन: थांब, थांब. सीटचं कुठे म्हटलं मी?

आर्डिस: तू साफ म्हटलंस.

व्हर्लिन: साफ म्हणजे... एवढी साफ नाही. सीट लागते, आर्डिस. सामान बांधायला लागते.

आर्डिस: सामानाला डबे आहेत. त्यासाठी तर तुझ्या भावाने पट्ट्या मागवल्यात.

व्हर्लिन: उद्या तुलाच बसावंसं वाटलं तर?

आर्डिस: मला डॉक्टरांनी नाही म्हटलंय. कागद आहे तसा. दवाखान्यात विचारून ये हवं तर. काउंटरवर. तुझी ओळख आहे ना तिथे.

व्हर्लिन: ऑरिन, तू काही बोललास का हिला?

ऑरिन: मी कुणालाच काही बोलत नाही, दादा. हाच माझा दोष आहे म्हणे.

आर्डिस: त्याच्याकडे काय बघतोस? इकडे बघ. सीट कुणासाठी हवीय, त्याचं नाव घे. नाव घेतलंस तर मीच सांगते ऑरिनला, सीट राहू दे, गार्डही राहू देत. तुझ्या भावासमोर घे. आपल्या तिघांशिवाय कुणी नाही इथे.

व्हर्लिन: कसलं नाव? काय लावलंयस, आर्डिस?

आर्डिस: नाही घ्यायचं? मग काढ रे, ऑरिन.

व्हर्लिन: आर्डिस, घरी बोलू.

आर्डिस: घरी मी बोलत नाही. घरी तू रडतोस. काढ, ऑरिन, बघत काय राहिलास?

ऑरिन: दादा? काढू?

व्हर्लिन: ... काढ. काय करायचं ते करा दोघं मिळून. मी समोर जाऊन कॉफी घेतो. झाली की हाक मार.

आर्डिस: हेल्मेट ठेवून जा. हे दुसरं ना, माझं? दे इकडे. धुवायला हवंय.

ऑरिन: ... गेला. वळूनही बघितलं नाही.

आर्डिस: बघेल कसा? जाकिटाची कॉलर कडक आहे त्याच्या.

ऑरिन: मला वाटलं तू त्याला रडवणार.

आर्डिस: रडायला लावलं असतं तर तो मोकळा झाला असता. आता तिला काय सांगायचं, याचा विचार करत बसेल तिथे. ‘तू सांगितलंस म्हणून गार्ड काढले आणि सीटही गेली.’ सांगू दे. ती आता हसून दाखवू दे.

ऑरिन: तिच्या मोटारीतून जातील मग कुठेही.

आर्डिस: जातील. आणि तो तिच्या शेजारी बसेल, हात मांडीवर घेऊन. बायकांच्या शेजारी बसलेला व्हर्लिन कसा दिसतो ते तिने अजून बघितलेलं नाही. पाच मैलांत ब्रेक कधी दाबायचा ते सांगायला लागतो तो.

ऑरिन: सीट तो परत आणून लावेल.

आर्डिस: ही मी घरी नेतेय. गार्डही माझ्या मोटारीत टाक. नवी घ्यायची तर तुझ्याकडूनच घेणार, आणि तू विचारशील कुणासाठी.

ऑरिन: मी विचारू?

आर्डिस: तू विचारशील. माझ्या टेबलावर जेवलायस.

ऑरिन: ... हा बोल्ट गंजलाय. जरा ती मोठी नळी दे, टाकून जोर लावतो. हां. वहिनी, एक सांगू?

आर्डिस: सांग. हल्ली तुला बोलण्याची गोडी लागलीय.

ऑरिन: तो शुक्रवारी तिथे गाडीच नेणार. मोटारीत तिच्या शेजारी बसून नाही जाणार गावासमोर. एकटा जाईल, गाडीवर. आज जे झालं त्यानंतर तर नक्कीच जाईल. मोठ्या खिडकीसमोर लावेल.

आर्डिस: लावेल.

ऑरिन: खडी तीच आहे. उतार तोच आहे.

आर्डिस: आणि पायही तेवढेच आहेत.

ऑरिन: मागचे गार्ड नसले की ती अर्धी टेकून राहायची नाही. पुरती लोळेल. लोळली की त्याला एकट्याला उठत नाही ती.

आर्डिस: त्याला कधीच उठली नाही. मी उठवायचे. उलटं उभं राहायचं, बूड सीटला लावायचं, एक हात हँडलला, एक हात त्या मागच्या गार्डला, आणि पायांनी रेटत मागे चालायचं. गोठ्यात बसकण मारलेली गाय उठवायची तसं. तो आत जाऊन दोस्तांना मी कशी हलले ते सांगेपर्यंत मी गाडी स्टँडवर लावून, हात पुसून आत आलेली असायचे.

ऑरिन: हे मला माहीत नव्हतं.

आर्डिस: कुणालाच नाही. अंधारात कोण बघतं? पण आता दिवस मोठा झालाय. जेवणाच्या वेळेला चांगला उजेड असतो.

ऑरिन: तू जाणार आहेस शुक्रवारी?

आर्डिस: जाणार. खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवते घरी गेल्यावर. तूही ये. स्वच्छ शर्ट घाल.

ऑरिन: आणि पडला, आणि सगळ्यांसमोर गाडी उठेना त्याला, तर बाहेर जाशील ना तू?

आर्डिस: माझं ताट तेव्हा नुकतंच आलेलं असेल, ऑरिन.